पोपटकाकांची दिवटी

वारजे, पुणे
२२ ऑगस्ट २०००

ती. दीपालीताईस,
धाकट्या रवीचा शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी अजून टिकलोय. एम.ए.ला नाव घातल्यापासून एक दिवस सोडला तर दांडी नाही, आणि तो एक दिवस कशात गेला त्याची हकिकत मोठी आहे, ती नंतर सांगतो. तू आबांना शब्द दिलास म्हणून हे वर्ष मिळालं, हे माझ्या डोक्यात आहे. नाहीतर आज मी आपल्या ज्वारीच्या वावरात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगच्या तळमजल्याला, आबांना मिळालेल्या गाळ्यात, नळाच्या तोट्या विकत बसलो असतो. गाळ्याचं शटर अजून खालीच आहे. आबा रोज संध्याकाळी जाऊन कुलूप ओढून बघतात आणि घरी आले की माझ्याकडे बघतात.

तुला वाटत असेल आम्ही दिवसभर नाचतो-गातो. तसलं काही नाही. गुरुवारी आणि शनिवारी आम्हाला संशोधन शिकवतात. हो, आम्हाला! वर्गात भरतनाट्यमच्या मुली आहेत, ख्याल गाणारे आहेत, नाटकवाले आहेत आणि ढोलकीवाला मी एकटा. सगळ्यांचं रडगाणं एकच, की आम्ही हातापायांनी आणि गळ्याने शिकणारी माणसं, आम्हाला तळटिपा कशाला. पण ह्या विषयात पास झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत, म्हणून सगळे गुमान वह्या घेऊन येतात. शिकवायला विजयमाला मॅडम आहेत. केस पांढरे, आवाज खालचा, आणि बोलणं असं की लागलंय हे घरी गेल्यावर कळतं. एकजण म्हणाला माझ्या विषयावर पुस्तकच नाही, तर त्यांनी विचारलं, आपण ग्रंथालयात गेला होतात की पुस्तक घरी यायची वाट बघत होतात?

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीसमोर बसवलं आणि सांगितलं, जे दिसतं ते लिहा, मत लिहू नका. मी पानभर लिहिलं. तिथे एक कुत्रं होतं, त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला. मग ते ट्रकमागे धावलं, ट्रकच्या मागे काहीतरी लिहिलेलं होतं, ते वाचायला मी जरा पुढे गेलो, तर पुढे एक माणूस जुन्या कॅसेटी विकत होता. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, तिथे चहा मिळतो का हो? म्हटलं मिळतो की. तर म्हणाल्या, आपल्या पानात कुठे मिळाला नाही म्हणून विचारलं.

मग जोड्या लावून मुलाखत घ्यायला लावली. नियम असा की प्रश्नात उत्तर कोंबायचं नाही. माझ्या जोडीला संस्कृती नावाची नाचणारी मुलगी होती. ती सारखी एवढंच विचारत राहिली, की मग पुढे काय केलंत. झालं. डिप्लोमा अर्ध्यात सोडला, तमाशाच्या फडाबरोबर एक हंगाम गेलो, कुरिअर टाकलं, गोव्याला गेलो, जहाजावर लागणार म्हणून पासपोर्ट काढला, जहाज राहिलं, बाहेरून बी.ए. केलं, सगळं बाहेर आलं. तिने वर्गात वाचून दाखवलं तेव्हा ते रेल्वेच्या टाइमटेबलसारखं वाटत होतं, नुसती सुटण्याची वेळ, पोचण्याची कुठेच नाही.

आता कामाचं. डिसेंबरात प्रत्येकाने आपल्या जवळपासची एक कला निवडून, तिथे जाऊन, विचारून, टेप करून, ती उतरवून बाहेरच्या तज्ज्ञांसमोर मांडायची आहे. मी गोंधळ घेतला. आपले पोपटकाका गावठाणातच आहेत, चालत जाता येतं. मॅडमनी निवडीचं कारण विचारलं, मी हेच सांगितलं. म्हणाल्या, निदान खरं आहे. तुझ्या शाळेत तो लहान टेपरेकॉर्डर आहे ना, तुझा स्वतःचा, तो पाठवशील का? जपून वापरीन. दाजींना नमस्कार.

लोभ आहे तेवढा ठेव, कमी मात्र करू नकोस.
तुझा,
रवी


धडगाव, जि. नंदुरबार
६ सप्टेंबर २०००

चि. रवीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इथे पोचायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात तू एखादं कॉलेज बदललं असशील अशी पैज तुझ्या दाजींनी लावली होती. मी तुझ्या बाजूने होते. कुत्र्याचं वाचून हे एवढे हसले की शेजारचे गुरुजी बघायला आले.

रेकॉर्डर पाठवतेय. आमच्या शाळेतल्या बाईंचा भाऊ शिवाजीनगरला उतरेल, स्टँडवर जाऊन घे. त्याच्यावर मी मुलांना कविता ऐकवते. कुठे गेला म्हणून पोरं विचारतात, त्यांना सांगितलंय की माझा भाऊ ऐकायला शिकतोय, त्याला दिलाय. तेव्हा शिक.

पण एक सांगू? आपल्याकडे गोंधळ हौसेने घालत नाहीत. घरात लग्न झालं, नवस फिटला, तरच. पोपटकाकांना बोलवायचं तर आबांना विचारून बोलाव, आणि काय करणार आहेस ते काकांना नीट सांग. माझ्या लग्नातला गोंधळ आठवतोय ना? आरतीचं ताट तुझ्या हातात दिलं होतं. हात अवघडले म्हणून ताट खाली ठेवून तू बँडवाल्यांकडे पळालास आणि आईने धावत येऊन उचललं. पोपटकाका गाता गाता तुझ्याकडे असे बघत होते की मला पदराआडून हसू आवरेना.

आबांचं मन राख. त्यांना मी सांगितलंय की रवी हे वर्ष पुरं करील. त्यांनी मला एवढंच विचारलं की कशावरून. मी म्हटलं, माझ्यावरून.

प्रकृतीला जप. माया आहेच, ती पत्राने वाढते, म्हणून लिहीत जा.
तुझी,
ताई


कसबा पेठ, पुणे
१४ ऑक्टोबर २०००

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बघून दचकू नकोस. सौरभकडे उतरलोय, फडातला माझा जुना दोस्त, कीबोर्ड वाजवतो. त्याची खोली तांबटांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, सकाळपासून भांड्यांवर ठोके. पहिल्या दिवशी डोकं उठलं, दुसऱ्या दिवशी मी मांडीवर त्यांच्या बरोबरीने बोटं वाजवायला लागलो. काय लय असते त्या लोकांची! एक थांबला की दुसरा उचलतो. असो.

गोंधळ टेप झाला! नवरात्रात काका मोकळे नव्हते, म्हणून दसरा होऊ दिला. मॅडमनी सांगितलं होतं की सगळं एकदम टेप करू नका, आधी थोडा नमुना घ्या, आवाज नीट येतो का बघा. आबा आणि आई वाघोलीला साखरपुड्याला जाणार होते, घर मोकळं होतं, म्हणून मी परवा गुरुवारी दुपारीच काकांना बोलावलं. त्यांना विचित्र वाटत होतं. दिवसा गोंधळ कसला, म्हणाले, आणि कशाबद्दल घालायचा? मी म्हटलं परीक्षेबद्दल. ते म्हणाले, परीक्षेबद्दल अजून कुणी घातला नाही, पण देवीला परीक्षा वर्ज्य आहे असंही कुठं ऐकलं नाही. त्यांनी नव्या कापडावर तांदळाचा चौक मांडला, कलश ठेवला, मला कुंकू लावलं, सुपारी हातात दिली आणि भर दुपारी दिवटी पेटवली. उन्हात ती दिसतसुद्धा नव्हती. त्यांचे भाऊ तुणतुण्यावर, काकांचा स्वतःचा संबळ.

ताई, काय आवाज गं त्या माणसाचा! गोंधळाला एकेका देवाला गावाच्या नावाने बोलावतात ना, आपण लहानपणापासून ऐकलंय, पण मी कधी ऐकलंच नव्हतं. माहूर, कोल्हापूर, जेजुरी, मग लहान लहान गावं, मग आपल्या वारज्याची देवी, मग शेताच्या बांधावरचा म्हसोबा, जो आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे. त्याला पण बोलावलं. कॅसेटची एक बाजू संपत आली होती तेवढ्यात सौरभ मोटारसायकलवर आला. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा ढोलकीवाला आजारी पडलाय आणि मालकाला त्याच दिवशी माणूस ऐकायचा होता. मी बटण दाबलं, म्हटलं काका, एवढं पुरे, बाकीचं पुढच्या खेपेला, आणि मागे बसलो. नमुना तर झालाच होता.

आता खरी बातमी. माझी निवड झाली. नोव्हेंबरअखेर ऑर्केस्ट्रा मस्कत आणि दुबईला जातोय, तीन महिने! पासपोर्ट असलेला ढोलकीवाला त्यांना दुसरा मिळेना. शेवटी त्या जहाजाचा उपयोग झाला बघ. आता अडचण एवढीच की मांडणी डिसेंबरात आहे. मॅडमना अजून बोललो नाही. आबांनाही नाही. तू जरा आबांच्या कानावर घालशील का? तुझं ऐकतात. म्हणजे तसं वर्ष काही बुडत नाही, पुढच्या वर्षी परत बसता येतं म्हणतात. मला झोप येत नाही, सारखं वाटतं बस निघाली आणि मी राहिलो.

रेकॉर्डर छान चालतो. मुलांना सांग.
रागावलीस तरी आपला म्हणूनच रागव.
तुझा,
रवी


मु. वारजे
१२ नोव्हेंबर २०००

चि. सौ. दीपाली हीस,
गेनबाचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की,

हिकडं समदी खुशाल हाय. तुझ्या आईचा गुडघा तसाच हाय. जावईबापूंना रामराम सांग.

तुझ्या भावानं पोपटाला घरी बोलवून गोंधळ मांडला आन मधीच उठून गेला, ही गोष्ट तुला ठावं हाय का? आमाला ठावं नव्हतं. वाघोलीहून आलो तवा घरात तांदूळ सांडल्यालं दिसलं, मला वाटलं चिमण्या आल्या. दिवाळीला पोपट फराळाला आला न्हाई म्हणून मी त्याच्या घरी गेलो, तर कोपऱ्यात समई जळत व्हती. वाऱ्याला आडोसा म्हणून तुपाचा डबा कापून लावला व्हता. इचारलं तवा सांगंना. मग त्याची बायको मालनबाईच बोलली. त्या दिवशी रवी गेल्यावर पोपट दिवटी धरून आपल्या पडवीत लय येळ बसला. देव बोलवल्यात, आन त्यास्नी पोचवायची आरती झाली न्हाई, मग दिवटी इझवायची कशी? म्हणून ती जोत त्यानं समईत घेतली. तवापास्नं नवराबायको पाळीपाळीनं तेल घालत्यात. मालनबाई दिवाळीला लेकीकडं गेली न्हाई. पोपट एकटा असला तर डोळा लागल म्हणती.

मी म्हनलं आरे, आरती मी करतो, घर माझं हाय. तर म्हनला, ज्यानं कुंकू लावून सुपारी घेतली त्यानं ताट धराया पायजे. आन एक मांडल्यालं उघडं असताना तो दुसरं मांडत न्हाई. तुळशीचं लग्न झालं, लोक गोंधळ सांगायला येत्यात, त्यो समद्यास्नी न्हाई म्हणतो. धायरीकडच्यांनी दुसरा गोंधळी आणला. आपल्यामुळं म्हाताऱ्याचा हंगाम चाललाय, आन त्यो आपल्याला बोल लावत न्हाई. त्यानं शिव्या दिल्या आसत्या तर मला बरं वाटलं आसतं.

रवी पेठेत ऱ्हातो. दुबईचं मला लोकाकडनं कळलं. मी त्याला आणायला जानार न्हाई. तू त्याच्या वतीनं बोलली व्हतीस, म्हणून तुला कळवलं. तुला दोष न्हाई.

तब्येत जपावी. येणं झालं तर बरं वाटल.
तुझे आबा,
गेनबा


धडगाव
१८ नोव्हेंबर २०००

चि. रवीस, आशीर्वाद.

आबांचं पत्र सोबत ठेवलंय, सावकाश वाच, मधूनच दुसरीकडे बघू नकोस.

वाचलंस? आता मी काय लिहू. नमुना घेतलास म्हणे. दुकानात जाऊन बोट बुडवून काकवी चाखावी तसा. काकांनी तुझ्या परीक्षेसाठी म्हसोबासकट सगळ्यांना बोलावलं आणि तू मोटारसायकलवर मागे बसलास.

दुबईला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझे हात चांगले आहेत, चार देश बघायचे तर बघ. आबांना तुझ्या वतीने मी सांगणार नाही एवढंच, ते तोंड तुझं आहे. आणि मी त्यांना दिलेला शब्द मागे घेतला असंही समजू नकोस. तो आहे तिथेच आहे, तुझ्यासारखा फिरत नाही.

पण मालनकाकूंना झोपू दे रे. जाण्याआधी तेवढं कर.

काळजी वाटते, तीच माया समज.
ताई


वारजे
२५ नोव्हेंबर २०००

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी माझं भांडं वर्गात फुटलं होतं, ते आधी सांगतो. मॅडमनी सगळ्यांना आपापली कॅसेट ऐकवायला लावली. मी ऐटीत गेलो. उतारा पण सुंदर केला होता, नावं सगळी ओळीने, एकेक ओळ दहादहा वेळा मागे नेऊन लिहिलेली. ख्यालवालेसुद्धा काकांच्या आवाजाला मान हलवत होते. आणि शेवटी, बटण दाबायच्या आधी, माझा आवाज येतो की काका एवढं पुरे, मग काकांचा आवाज, की अरे थांब, त्यांना पोचवायचं आहे, आणि खट्ट. हे वाक्य मी उताऱ्यात घेतलंच नव्हतं. गाण्यातलं नाही म्हणून सोडलं होतं. ताई, तेही मी मागे नेऊन ऐकलं असणार ना? पण नाही ऐकलं.

कुणी हसलं नाही. मॅडमनी विचारलं, कोणाला पोचवायचं होतं? मी म्हटलं, देवांना. मग पोचवलं का? मी कॅसेट काढायला लागलो. त्यांनी विचारलं, आपण गेल्यावर त्यांनी काय केलं? म्हटलं माहीत नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, नमुना आवाजाचा घ्या असं मी सांगितलं होतं, माणसाचा नव्हे. आणि पुढच्या मुलीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं आणि काकांनी काय केलं ते आबांच्या अक्षरात वाचलं. जिना उतरून बाहेर आलो तर तांबट ठोकत होते, मी सरळ चालत डेक्कनपर्यंत गेलो, बस सोडून दिल्या, मग कर्वे रोडने चालतच वारज्याला. वाटेत नवीन पुलाचं काम बघत थोडा वेळ उभा राहिलो, खोटं कशाला बोलू.

काकांकडे गेलो. मला वाटलं दार लावून घेतील. त्यांनी विचारलं, आवाज बरा आलाय का रं? रेकॉर्डर खिशात होता, ऐकवला. ते आणि मालनकाकू दोघं त्या समईसमोर बसून ऐकत होते. एका गावाचं नाव मी चुकीचं उतरवलं होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं. शेवटचं ते थांब आलं तेव्हा ते उठले आणि समईत तेल घालायला लागले, खरं तर तेल भरपूर होतं. काकू म्हणाल्या, पोरा, ह्या दिव्याची मला इतकी सवय झालीये की आता अंधारात झोप लागेल का नाही कोण जाणे. त्या हसून म्हणाल्या. मला हसता आलं नाही.

मी विचारलं कधी करायचं. मंगळवार किंवा शुक्रवार लागतो. कालचा शुक्रवार गेला, म्हणजे येता मंगळवार. आणि ऑर्केस्ट्राची बस मंगळवारीच संध्याकाळी आहे, रात्री मुंबईहून विमान! म्हटलं दुपारी उरकू या का. काका म्हणाले, दुपारी उरकलं म्हणूनच हे झालं, दिवेलागणीला बसायचं. मग स्वतःच म्हणाले, तू जा बाबा दुबईला, तीन महिने काय आणि तीन दिवस काय, आम्ही तेल घालतो. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी पळालो असतो. तसं नव्हतं गं.

मी सौरभला सांगितलंय की बस बायपासने काढा, वारज्याच्या पुलाखाली थांबा, मी तिथे चढतो. घरापासून दोन मिनिटं. मालक कुरकुरला पण हो म्हणाला, थांबणार मात्र नाही म्हणाला. काकांनी लवकर सुरुवात केली तर दोन्ही जमतं. उतारा मला पाठ आहे, कोणत्या देवानंतर कोणता येतो आणि किती उरले हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. जमेल असं वाटतं. मग वाटतं जमणार नाही. बॅग भरून दाराशी ठेवलीये, आई येता-जाता तिला पाय लागू नये म्हणून बाजूला करते आणि मी परत दाराशी ठेवतो.

मॅडमना रजेचं विचारलं. म्हणाल्या, जा, हजेरीपटात गैरहजेरीचाही रकाना असतो. वर म्हणाल्या, मंगळवारी यजमानांची हरकत नसेल तर मी येईन, मी उत्तरार्ध ऐकलेला नाही. आबांना मी स्वतः सांगितलं, दुबईचं. ते भाकरी खात होते. हूं म्हणाले. पुढचा घास त्यांनी जरा उशिराने घेतला.

बघू काय होतं. तू असतीस तर बरं झालं असतं.
आजवर धरलंस तसंच पदरी धर.
तुझा,
रवी


मु. वारजे
३० नोव्हेंबर २०००

चि. सौ. दीपाली हीस,
गेनबाचे आशीर्वाद. वाट बघत आसशील म्हणून लगेच लिहितो.

मंगळवारी दिवे लावायच्या टायमाला पोपट आला. समई मालनबाईनं पदराआड धरून गावठाणातनं चालत आणली, येक वारं लागू दिलं न्हाई. त्या जोतीवर दिवटी लावली. रवीच्या बाई आल्या व्हत्या, रिक्षातनं. तुझ्या आईनं खुर्ची दिली तर त्या खाली सतरंजीवर बसल्या. त्यांच्याजवळ टेपची मशीन व्हती. पोपटाला इचारलं की चालू करू का. पोपट म्हनला, देव पोचवतोय बाई, हे ऱ्हाऊ द्या. मशीन पिशवीतच ऱ्हायली.

पोपटानं परत बोलवणी केली न्हाई, देव बसल्यालंच व्हते. एकेकाचं नाव घेऊन, ओवाळून, त्याच्या गावाला लावून द्यायचं, आसं. रवी ताट घेऊन हुभा. त्याचं वठ हालत व्हतं, समदी नावं त्याला येत व्हती. अर्धी नावं झाली आसतील नसतील, आन हमरस्त्याला बसचा हॉर्न वाजला. घरात समद्यास्नी कळलं. पोपटालाबी कळलं. पोपटानं चाल वाढवली न्हाई आन कमीबी केली न्हाई. बस लय येळ वाजत व्हती. तुझ्या भावाचा येक पाय हिकडं, येक तिकडं व्हता. मग हॉर्न लांब लांब गेला. तवाबी लय देव बाकी व्हते. शेवटाला म्हसोबा गेला, पार्किंगात. मग पोपटानं दिवटी दुधात इझवली.

मालनबाई काल लेकीकडं गेली. पोपटानं कोथरूडची सुपारी घेतली. बाई जाताना मला म्हनल्या, तुमचा मुलगा मंगळवारी बारा तारखेला परीक्षकांपुढं हुभा ऱ्हाणार हाय, तिथं असाच हुभा ऱ्हायला तरी चालंल.

तर रवी घरी हाय. ताट त्यानं खाली ठिवलं न्हाई. येवढं कळावं म्हणून पत्र.

लेकीवर जीव हाय, हे लिहाया लागू न्हाई.
आबा

(ताई, आबांनी आंतरदेशीय पत्र माझ्याकडे चिकटवायला दिलं, घडीवर जागा होती म्हणून लिहितोय. बॅग अजून दाराशीच आहे, उघडली नाही, तिच्याकडे बघितलं की पाय शिवशिवतात. सौरभने मुंबईहून फोन करून आईवरून शिव्या दिल्या. बारा तारखेला मांडायला माझ्याकडे अर्धीच कॅसेट आहे. मॅडम म्हणाल्या, उरलेल्या अर्ध्याचा साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव लिहा.

आबांनी एक गोष्ट लिहिलेली नाही. हॉर्न वाजला तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि ताटाला हात लावून हळूच म्हणाले, दे हिकडं, मी धरतो, तू जा. पोपटकाका दुसरीकडे बघून गात राहिले, जणू त्यांना दिसलंच नाही. थोड्या वेळाने आबा परत आले, परत हात पुढे केला.

मी दिलं नाही. आबांनी मग खालून माझ्या कोपराला हात लावला आणि शेवटपर्यंत तसाच ठेवला. हात अवघडतात गं फार. रवी)